जुन्या फ्रेंच मोटारीचा सातबारा: मालकी आणि जीर्णोद्धाराचा इतिहास पायरी-पायरीने कसा लिहावा

चासी एका कारखान्यातून येते आणि बॉडी दुसऱ्याकडून बांधून घ्यावी लागते, हे महाराष्ट्रात ट्रक घेणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या फ्रान्समध्ये श्रीमंतांच्या मोटारींचा व्यवहार बऱ्याच अंशी असाच चाले. देलाहाय, देलाज, टॅल्बो-लागो, हिस्पानो-सुइझा यांच्याकडून इंजिनासह चालती चासी विकत घ्यायची आणि ती पॅरिसच्या आसपासच्या एखाद्या बॉडी बांधणाऱ्या पेढीकडे न्यायची. बुलोनमधील फिगोनी ए फालास्की, नुयीमधील साउचिक आणि लव्हाल्वामधील शाप्रोन ही त्यांतली गाजलेली नावे. बुगात्तीचा कारखाना फ्रान्समधल्याच मोल्सहाइममध्ये स्वतःही बॉड्या बांधी, पण त्याच्या चास्या बाहेरच्या पेढ्यांकडेही जात. अशा मोटारीचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने हे दुपदरी मूळ आरंभीच ध्यानात घ्यावे, कारण पुढच्या बहुतेक चुका ते विसरल्यामुळे होतात.

या लेखात बुगात्तीच्या ‘टाइप ५७ एस ॲटलांटिक’ या मोटारी मी वारंवार उदाहरणादाखल घेतल्या आहेत. १९३६ ते १९३८ या काळात अशा फक्त चार मोटारी तयार झाल्या आणि चौघींचे नशीब इतके निराळे निघाले की इतिहासलेखनात येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण त्यांच्यात सापडते.

पहिली पायरी: दोन वंशावळी वेगळ्या मांडा

वहीच्या डाव्या पानावर चासीचा आणि उजव्या पानावर बॉडीचा इतिहास लिहायला घ्यावा. हे दोन इतिहास आरंभापासून आजपर्यंत जोडीने चालले असतील असे गृहीत धरू नये. त्या काळात दहा वर्षांची बॉडी जुनाट दिसे म्हणून मालक ती काढून नवी चढवत. युद्धानंतर साध्या चार दरवाजांच्या बॉडीखालची उत्तम चासी काढून तिच्यावर ‘त्याच नमुन्याची’ झोकदार बॉडी बसवण्याचे प्रकारही झाले. त्यामुळे ‘१९३८ ची मोटार’ म्हणजे नेमके १९३८ चे काय, हा पहिला प्रश्न असतो. (बॉडी आणि चासी एकाच देशाची असते असेही नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची काळी-भगवी ड्यूझेनबर्ग अमेरिकन चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली होती.)

दुसरी पायरी: कागदांआधी लोखंड वाचा

हौशी माणूस आधी फाइल उघडतो आणि मग गाडीकडे जातो. क्रम उलटा असावा, कारण फाइल एकदा वाचली की डोळ्यांना तेच दिसू लागते जे तिच्यात लिहिलेले असते.

गाडीवरचे आकडे एका जागी नसतात. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि आसनांमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, निर्मात्याची पट्टी असते, आणि ती चार स्क्रूंनी किंवा रिव्हेटांनी बसवलेली असल्यामुळे सर्वांत कमी विश्वासाची असते. ती खिशात घालून दुसऱ्या गाडीवर नेता येते. त्यानंतर चासीच्या पोलादावर ठोकलेला आकडा, इंजिनाच्या क्रँककेसवरचा, गिअरबॉक्सवरचा आणि मागच्या अॅक्सलवरचा आकडा पाहावा. बुगात्तीच्या टाइप ५७ मध्ये चासी नंबराखेरीज सांगाड्याच्या चौकटीला वेगळा क्रमांक असे, आणि इंजिनाची मालिका निराळी असे. हे ठाऊक नसलेला खरेदीदार ‘आकडे जुळत नाहीत’ म्हणून घाबरतो, तर ते ठाऊक असलेला विक्रेता कधी कधी सगळे आकडे संशयास्पद वाटावेत इतके जुळवून ठेवतो.

आकडा वाचताना भिंग आणि तिरपा उजेड हवा. त्या काळी बरेच आकडे सुटे पंच हातोडीने ठोकून उमटवत. त्यामुळे ओळ किंचित नागमोडी असते, एखादा ७ खोल तर शेजारचा ४ उथळ उमटतो, आणि आकड्याच्या कडेला धातू बारीक वर उचलला गेलेला असतो. जुना आकडा घासून नवा ठोकला असेल तर त्या जागी पत्रा अगदी थोडा खोलगट होतो, बोट फिरवले की ते जाणवते, आणि भोवतालची ओतकामाची खरखर तेवढ्याच चौकोनात नाहीशी झालेली दिसते. शंका राहिलीच तर पोलादाच्या चुंबकीय तपासणीतून घासून टाकलेल्या आकड्याची सावली वर आणता येते, कारण ठोकताना दाबला गेलेला धातू पृष्ठभागाच्या खालीही बदललेला असतो.

बॉडीचे आकडे शोधायला अधिक चिकाटी लागते. पेढ्या आपला बॉडी क्रमांक बॉनेटच्या बिजागरीवर, आसनाखालच्या लाकडी पट्टीवर, दरवाजाच्या आतल्या चौकटीवर, म्हणजे रंग आणि अस्तर यांच्या आड टाकत. एकच क्रमांक तीन-चार सुट्या भागांवर सापडला तर ते भाग एकत्र जन्मले असे मानायला चांगला आधार मिळतो. एखाद्याच दरवाजावर वेगळा आकडा निघाला तर तो दरवाजा कुठून आला याची एक नवी ओळ वहीत वाढते.

धातूही बोलतो. १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनात झळकलेल्या ‘एरोलिथ’ या बुगात्तीच्या नमुना गाडीची, म्हणजे ॲटलांटिकच्या पूर्वजाची, बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. तो धातू वेल्डिंगला सोयीचा नसल्याने संस्थापकाचा मुलगा जाँ बुगात्ती याने पत्रे पाठीच्या कण्यासारख्या उभ्या पट्टीत रिव्हेटांनी जोडले. पुढे ॲटलांटिक अॅल्युमिनियमची झाली आणि रिव्हेटांची गरज संपली, तरी तो कणा दिमाखासाठी राहिला. आज एक्स-रे फ्लुरोसन्सचे हातात मावणारे यंत्र पत्र्यावर टेकवले की मिश्रधातूचे घटक कळतात, आणि एकाच मडगार्डाच्या पुढच्या व मागच्या भागांत वेगळा अॅल्युमिनियम आहे हेही उघड होते. अशा ठिकाणी अपघाताची किंवा दुरुस्तीची नोंद शोधायला लागावे.

तिसरी पायरी: जन्माची नोंद

यानंतर कारखान्याच्या वह्या. बुगात्तीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कारण कोणती चासी, कोणते इंजिन, कधी आणि कोणाला गेले याच्या नोंदी मोठ्या प्रमाणात टिकल्या आहेत, आणि इंग्लंडमध्ये प्रेस्कॉट येथे असलेल्या बुगात्ती ट्रस्टमध्ये रेखाचित्रांचा व कागदपत्रांचा अभ्यास करता येतो. इतर निर्मात्यांच्या बाबतीत त्या-त्या नावाच्या क्लबांकडे काय आहे यावर बरेच अवलंबून राहावे लागते. कारखान्याच्या वहीत बहुधा चासी कोणत्या विक्रेत्याला दिली एवढेच मिळते. बॉडी कोणी आणि कशी बांधली यासाठी पेढीची चित्रे, त्या काळची सचित्र मासिके आणि ‘काँकूर देलेगाँस’ या मोटार-सौंदर्यस्पर्धांची छायाचित्रे धुंडाळावी लागतात.

छायाचित्रावरून रंग ठरवण्याचा मोह मात्र आवरावा. त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे; लाल गाडी काळीभोर आणि निळी गाडी फिकट राखाडी उमटे. ‘फोटोत काळी दिसते, म्हणजे काळीच होती’ एवढ्या आधारावर लाखोंचा रंग चढवला गेल्याची कल्पना करून पाहा.

चौथी पायरी: मालकांची साखळी

आता फेरफारांची नोंद. फ्रान्समध्ये १९२८ च्या पद्धतीपासून नंबरपाटीवरून जिल्हा, म्हणजे तिथला देपार्तमाँ, कळत असे, आणि १९५० च्या पद्धतीत देपार्तमाँचा क्रमांकच पाटीच्या शेवटी आला. ७५ दिसले की पॅरिस. गाडी दुसऱ्या देपार्तमाँत गेली की पाटी बदले. म्हणूनच एका फ्रेंच गाडीच्या आयुष्यात पाच-सहा पाट्या सापडल्या तर त्यात वावगे काही नाही, उलट प्रत्येक पाटी म्हणजे स्थलांतराचा एक पुरावा असतो. नोंदणीच्या वह्या ज्या देपार्तमाँच्या अभिलेखागारात टिकल्या आहेत तिथे पाटीवरून मालकापर्यंत आणि ‘कार्त ग्रीझ’ या नोंदणीपत्रापर्यंत पोचता येते.

इंग्लंडमध्ये याच्या नेमके उलट आहे. तिथे पहिला नंबर सहसा गाडीबरोबर आयुष्यभर राहतो. चौथी ॲटलांटिक, चासी ५७५९१, मे १९३८ मध्ये आर. बी. पोप या इंग्रज मालकाला मिळाली आणि तिचा ‘ईएक्सके ६’ हा नंबर मालक बदलले तरी तिची ओळख बनून राहिला. त्यामुळे इंग्लंडमध्ये गेलेल्या गाडीचा माग काढणे तुलनेने सोपे जाते, आणि फ्रान्समध्येच राहिलेल्या गाडीसाठी दमछाक होते.

प्रत्येक मालकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: गाडी त्याच्याकडे असल्याचा सर्वांत जुना पुरावा, सर्वांत अलीकडचा पुरावा, आणि त्या पुराव्याचा प्रकार. विक्रीची पावती आणि ‘आमच्या आजोबांची अशीच गाडी होती’ या दोन्हींना एकाच शाईत लिहू नये. दोन मालकांच्या मध्ये वर्षे रिकामी राहत असतील तर ती रिकामीच ठेवावीत. ‘बहुधा याच कुटुंबाकडे असावी’ असे एकाने लिहिले की पुढच्या लिलावाच्या पुस्तिकेत त्यातला ‘बहुधा’ गळतो.

१९४० ते १९४४ ही वर्षे तर वेगळ्या पानावर घ्यावीत. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये गाड्या सरकारजमा झाल्या, गवताच्या गंजीत लपवल्या गेल्या, आणि ज्यूंची मालमत्ता हिसकावून विकली गेली. त्या वर्षांतले हस्तांतर कायदेशीर दिसले तरी विकणाऱ्याने ते राजीखुशीने केले होते का, हे तपासणे आज कायदा आणि सभ्यता या दोन्हींना धरून आहे. जाँ बुगात्तीच्या वापरातली काळी ॲटलांटिक, चासी ५७४५३, याच काळात नाहीशी झाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये बोर्दोला पाठवायच्या गाड्यांच्या यादीत ‘१२४४ डब्ल्यू ५’ ही तिची पाटी आढळते, पण त्या पाटीसमोर चासी नंबर ५७४५४ लिहिलेला आहे. लिहिणाऱ्याचा हात चुकला की मुद्दाम बदलले? पाटी आणि चासी नंबर हे दोन स्वतंत्र साक्षीदार असतात आणि एकाच्या जबानीवर दुसऱ्याचे नाव खपवू नये, एवढे त्या एका ओळीवरून शिकता येते.

पाचवी पायरी: इतिहास आणि हक्क

साखळी जुळली म्हणजे हक्क सिद्ध झाला असे नव्हे. टॅल्बो-लागो टी १५० सी एसएस, चासी ९०१०८, ही फिगोनीची अश्रूच्या थेंबासारखी बॉडी असलेली गाडी मार्च २००१ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथील एका कारखान्याच्या इमारतीतून चोरीला गेली. ती खोलून ठेवलेली होती. चोरांनी सुट्या भागांबरोबर कागदपत्रेही नेली. इतिहास लिहिणाऱ्याने इथे थांबून विचार करावा: कागदच चोरीला गेले तर चोराची फाइल खऱ्या मालकाच्या फाइलीपेक्षा जाड असते. २०१५ मध्ये एका कंपनीने ही गाडी काही दशलक्ष डॉलर देऊन विकत घेतली, आणि नोंदणीला गेल्यावर ती चोरीची असल्याचे निघाले. मूळ मालकाच्या वारसांच्या दाव्याला मुदत संपल्याचा आक्षेप आला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दावा चालू शकतो असा निर्णय दिला, कारण चोरी जुनी असली तरी आताच्या धारकाने गाडी अडवून ठेवणे ही वेगळी आणि ताजी बाब आहे.

तेव्हा खरेदीआधी चासी, इंजिन आणि बॉडी यांचे क्रमांक चोरीच्या नोंदींशी वेगवेगळे ताडून पाहावेत, गाडी ज्या देशांतून गेली त्या प्रत्येक देशाचे निर्यात आणि सीमाशुल्काचे कागद मागावेत, आणि खरेदीच्या करारात विक्रेत्याकडून हक्काची लेखी हमी घ्यावी. याच नमुन्याची दुसरी गाडी, चासी ९०१०७, मार्च २०२२ मध्ये लिलावात १ कोटी ३४ लाख डॉलरांवर गेली. इतक्या पैशांच्या व्यवहारात वकिलाची फी वाचवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

सहावी पायरी: जीर्णोद्धाराचे थर उलगडणे

देवळाचा जीर्णोद्धार झाला की जुने खांब कोणते आणि नवे कोणते हे पुजाऱ्यालाही सांगता येत नाही. मोटारीचे तसे होऊ द्यायचे नसेल तर प्रत्येक दुरुस्तीला मालकाइतकेच महत्त्व देऊन तिची वेगळी नोंद ठेवावी लागते.

तिसरी ॲटलांटिक, चासी ५७४७३, याचा धडा देते. १९३६ मध्ये ती नीसच्या झाक होल्झशूंना मिळाली. १९५५ मध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीने तिला धडक दिली, आत बसलेले प्राणाला मुकले आणि गाडीचा चुराडा झाला. पुढे एका फ्रेंच संग्राहकाने ते अवशेष मिळवून कित्येक वर्षे खपून गाडी पुन्हा उभी केली, आणि या शतकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या पॉल रसेल यांच्या कार्यशाळेत तिला पुन्हा तिचे १९३० च्या दशकातले रूप देण्यात आले. म्हणजे आज डोळ्यांसमोर असलेल्या गाडीत १९३६ चा धातू, पहिल्या जीर्णोद्धाराचा धातू आणि दुसऱ्याचा धातू असे तीन थर आहेत. ‘ही खरी की खोटी?’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘कोणता पत्रा कोणत्या वर्षाचा?’ असे विचारले तर उत्तर काढता येते.

ते काढण्याच्या रीती साध्या आहेत. डॅशबोर्डच्या मागे किंवा बिजागरीच्या खाली, म्हणजे जिथे रंगकाम करणाऱ्याची सँडपेपर पोचत नाही अशा जागी, रुपयाएवढा ठिपका बारीक होत जाणाऱ्या सँडपेपरने वर्तुळाकार घासावा. रंगाचे थर कापलेल्या कांद्यासारखे एकात एक दिसू लागतात: वरचा चकचकीत थर, खाली पुट्टी, त्याखाली आणखी एक रंग, पुन्हा प्रायमर, आणि शेवटी उघडा पत्रा. दारावर पाच थर आणि शेजारच्या मडगार्डावर दोनच निघाले तर मडगार्ड नंतर आले आहे किंवा पार सोलून काढले गेले आहे. लाकडी सांगाड्यात स्क्रूची भोके मोजावीत. एका पत्र्यासाठी एका रांगेऐवजी दोन रांगा असतील तर पत्रा एकदा तरी निघून पुन्हा बसला आहे, आणि रांग एकच असून लाकूड ताजे असेल तर लाकूडच नवे आहे. ही पाहणी करताना प्रत्येक जागेचा फोटो पट्टी धरून, म्हणजे माप दिसेल असा, काढावा.

कार्यशाळांची बिले हा उपेक्षित खजिना आहे. ‘बॉडी दुरुस्ती’ या दोन शब्दांपेक्षा ‘डाव्या बाजूचा लाकडी उंबरा बदलला, ४२ तास’ ही ओळ कितीतरी पटींनी मोलाची असते. मूळ रंग आणि आजचा रंग वेगळा असेल तर तेही सरळ लिहावे. पोप यांची ॲटलांटिक निळी होती. १९८८ मध्ये अमेरिकन फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन यांनी ती घेतल्यावर झालेल्या जीर्णोद्धारात ती काळी झाली आणि त्या रूपात कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील १९९० च्या मोटार-सौंदर्यस्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरली. नव्या मालकाची आवडही इतिहासाचाच भाग असते, फक्त तिच्यापुढे तिची तारीख हवी.

सातवी पायरी: हात लावायचा की नाही

इतिहास कळल्यावरच हा निर्णय घ्यावा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी गाडी आधी सोलली जाते आणि इतिहास नंतर विचारला जातो. १९३७ मध्ये अर्ल हाउ या इंग्रज शर्यतपटूने घेतलेली टाइप ५७ एस, चासी ५७५०२, पुढे एका डॉक्टरांकडे गेली आणि इंग्लंडमधल्या त्यांच्या गॅरेजात १९६० च्या दशकापासून उभी राहिली. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती न उजळवता, आहे त्या अवस्थेत ३४ लाख युरोंना विकली गेली. तिच्यावर हाउ यांनी स्वतः बसवून घेतलेले बंपर आणि आरसे होते. कारखान्यातून आली तशी करायची म्हणून ते काढले असते, तर पहिल्या मालकाची सहीच पुसली गेली असती.

जागतिक जुनी-वाहन संघटना फीवा हिने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरीन सनद या कामात हाताशी असावी. शक्य तितका मूळ भाग राखणे, केलेल्या कामाची नोंद ठेवणे आणि बदललेल्या भागावर न खुपणारी पण कायमची खूण करणे या गोष्टी ती सांगते. माझ्या मते याचा सर्वांत धीट नमुना कॅलिफोर्नियातील मलिन संग्रहालयाने दाखवला. त्यांच्याकडच्या टाइप ६४ बुगात्तीच्या चासीला मूळ बॉडीच नव्हती. त्यांनी नवी बॉडी बनवून घेतली, पण चासीवर न बसवता तिच्या वर टांगून ठेवली, म्हणजे जुने काय आणि नवे काय हे लहान मुलालाही दिसावे.

आठवी पायरी: फाइल बांधणे

शेवटी सगळे एका फाइलीत आणताना आरंभी दोन पानांची कालरेषा असावी, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीला मागच्या पुराव्याचा क्रमांक असावा. एक ओळ नमुन्यादाखल अशी लिहिता येईल: ‘१९५२, वसंत ऋतू: पाटी बदलून पॅरिसची, पुरावा १४, फोटो, पाटी स्पष्ट, मालकाचे नाव नाही.’ नाव नाही, हे लिहायला विसरू नये. परस्परविरोधी पुरावे शेजारी-शेजारी ठेवावेत आणि आपले मत तिसऱ्या रकान्यात, आपल्या सहीने व तारखेसह द्यावे. म्हणजे उद्या नवा कागद सापडला तर पुढच्या माणसाला फक्त तो रकाना खोडावा लागेल. मूळ कागद गाडीत ठेवू नयेत. त्यांच्या प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात, नाहीतर मिलवॉकीसारखे गाडी आणि कागद दोन्ही एकाच वेळी जातात.

काढलेले भाग मात्र गाडीबरोबरच जावेत. कुजलेला लाकडी उंबरा, गंजलेले स्क्रू, जुन्या चामड्याची पट्टी, निकामी ठरलेली पाटी, प्रत्येक वस्तू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वर भागाचे नाव, गाडीवरची जागा आणि काढल्याची तारीख लिहावी, आणि विक्रीच्या करारात त्या खोक्यांची संख्या नमूद करावी.